तोच पक्षी प्रत्येक फोटोत: कॅमेऱ्याचा सेन्सर घरी साफ करताना

चार वर्षांपूर्वीची गोष्ट. जानेवारीतली सकाळ, नांदूरमध्यमेश्वरचं धरण, धुकं नुकतंच विरायला लागलेलं. ब्राह्मणी बदकांचा थवा पाण्यावरून उठला आणि मी धडाधड तीस-चाळीस फोटो घेतले. घरी येऊन कॉम्प्युटरवर पाहिलं तर पहिल्या फोटोत बारा पक्षी. पुढच्या फोटोत थवा डावीकडे सरकलेला, पण एक पक्षी होता तिथंच. त्याच्या पुढच्या फोटोतही तिथंच. सगळा थवा फ्रेमबाहेर गेला तरी हा पठ्ठ्या आकाशात लटकलेला. झूम केल्यावर कळलं, त्याला पंखच नाहीत.

सेन्सरवरच्या, म्हणजे कॅमेऱ्यात चित्र टिपणाऱ्या चिपवरच्या, धुळीशी ती माझी पहिली भेट. मग मी नवखा माणूस करतो तेच केलं. लेन्स काढली आणि आत जोरात फुंकर मारली. एका ठिपक्याचे सहा झाले, त्यातले पाच थुंकीचे. ते काढायला पैसे मोजावे लागले, कॅमेरा दहा दिवस हाताशी नव्हता, आणि परत आला तेव्हा जुना ठिपका जागेवरच होता. तेव्हापासून हे काम मी घरीच करतो, माझ्या कॅमेऱ्याचं आणि अधूनमधून मित्रांच्याही. ज्यांनी कधीच केलेलं नाही त्यांच्यासाठी ही सगळी पद्धत सांगतो. डीएसएलआर (आत आरसा असलेला कॅमेरा) आणि मिररलेस (आरसा नसलेला), दोन्हींना लागू पडेल अशी.

आधी एवढं लक्षात ठेवा: आपण खुद्द सेन्सर पुसत नसतो. सेन्सरवर काचेचा एक पातळ फिल्टर बसवलेला असतो, धूळ त्याच्यावर बसते आणि आपण पुसतो तोही तोच. काच पुरेशी टणक असते, पण तिच्यावरचा लेप नाजूक असतो. म्हणून आधी तपासायचं, मग हवा मारायची, आणि अगदीच इलाज नसेल तर स्पर्श. हा क्रम उलटा केला की नुकसान ठरलेलं.

१. डाग सेन्सरवरच आहे ना?

हे न पाहताच स्वॅब, म्हणजे सेन्सर पुसायच्या कापडी टोकाच्या काड्या, मागवणारे बरेच भेटतात. नीट बघा:

- डाग व्ह्यूफाइंडरमध्ये दिसतो पण फोटोत येत नाही. डीएसएलआर असेल तर ही धूळ फोकसिंग स्क्रीनवर (आरशाच्या वरची, व्ह्यूफाइंडरमधलं चित्र जिच्यावर पडतं ती पट्टी) किंवा आरशावर आहे. फोटोवर तिचा काही परिणाम होत नाही. तिथं हात लावू नका. आरशाचा मुलामा वरच्या बाजूला असतो आणि स्क्रीन मऊ प्लास्टिकची. दोन्हीवर ओरखडा पटकन उठतो. ब्लोअरची हलकी हवा, बस्स.
- डाग एका लेन्सने येतो, दुसरीने येत नाही. मग दोष लेन्सचा. मात्र लेन्सच्या पुढच्या काचेवरचा धुळीचा कण असा काळा ठिपका सहसा देत नाही.
- लेन्स बदलली तरी डाग त्याच जागी. हा सेन्सरवरचा.
- रात्रीच्या लांब एक्स्पोजरमध्ये लाल, निळे, पांढरे चमकते टिंब. ही धूळ नाही, हे हॉट पिक्सेल, म्हणजे सेन्सरचेच बिघडलेले बिंदू. कितीही पुसा, जाणार नाहीत. काही कॅमेऱ्यांच्या मेन्यूत 'पिक्सेल मॅपिंग' असतं, ते चालवून बघा.

धूळ नेहमी काळी किंवा राखाडी सावली देते, कारण ती प्रकाश अडवते. प्रकाश तयार करणं तिला जमत नाही.

२. टेस्ट फोटो काढा

हा लेख वाचून एकच गोष्ट करणार असाल तर ही करा.

ट्यूबलाइटखाली भिंतीवर हाताची सावली पुसट पडते, टॉर्चसमोर ठसठशीत. सेन्सरवरच्या धुळीचंही तसंच. एफ/२.८ ला लेन्समधलं छिद्र (अॅपर्चर) मोठं असतं, प्रकाश रुंद कोनातून येतो आणि कणाची सावली विरघळून जाते. एफ/१६ ला छिद्र लहान, प्रकाशाचा झोत अरुंद होतो आणि तोच कण खणखणीत दिसतो. म्हणूनच लग्नात एफ/२.८ वर फोटो काढणाऱ्याला वर्षभर पत्ता लागत नाही, आणि तो पांडवलेणीवर चढून एफ/१६ ला शहराचा फोटो काढतो तेव्हा आभाळाला देवी आलेल्या दिसतात.

कसं करायचं: आयएसओ (सेन्सरची संवेदनशीलता) १००, अॅपर्चर प्रायोरिटी मोड (छिद्र आपण ठरवायचं, शटरचा वेळ कॅमेरा ठरवतो), एफ/१६ किंवा एफ/२२. फोकस मॅन्युअल करून अनंतावर न्या. पांढरा कागद, चुन्याची भिंत किंवा लॅपटॉपवर उघडलेलं कोरं पांढरं पान, काहीही चालेल, पण जवळ जा म्हणजे सगळं धूसर होईल. एक्स्पोजर एक स्टॉप (म्हणजे दुप्पट प्रकाश) वाढवा, नाहीतर पांढरा कागद करडा येतो. शटर सेकंदभर उघडं राहिलं तर उत्तम. तेवढ्या वेळात कॅमेरा मुद्दाम हलवा. भिंतीवरचे पोपडे हलून पुसले जातात, सेन्सरवरची धूळ मात्र सेन्सरबरोबरच हलते म्हणून ठाम उमटते.

फोटो कॉम्प्युटरवर घ्या, कॉन्ट्रास्ट भरपूर वाढवा आणि ठिपके मोजा. आकडा वहीत लिहून ठेवा. हसू नका. पुढच्या प्रत्येक पायरीनंतर हा आकडा कमी झाला की वाढला, एवढंच आपल्याला बघायचं आहे. नुसत्या डोळ्यांनी सेन्सर बघून काही कळत नाही, तो नेहमी चकचकीतच दिसतो.

ठिपक्याचा आकारही बोलतो. गडद, अनियमित ठिपका म्हणजे कोरडी धूळ. केसासारखी वळलेली रेघ म्हणजे कापडाचा धागा. गोल ठिपका, मध्ये उजळ आणि कडेला काळी कड, म्हणजे थेंब: तेलाचा किंवा थुंकीचा. धूळ आणि धागा हवेने उडतात. थेंब उडत नाही.

आता नवखे फसतात ती जागा. लेन्स सेन्सरवर चित्र उलटं पाडते. कॅमेरा सरळ ठेवून तुम्ही समोरून आत बघत असाल, तर फोटोत वर डावीकडे दिसणारा ठिपका सेन्सरवर खाली डावीकडे असतो. वर-खाली उलटतं, डावं-उजवं तसंच राहतं. मी पहिल्यांदा अर्धा तास सेन्सरच्या स्वच्छ कोपऱ्यावर टॉर्च मारत बसलो होतो.

३. सामान

- रबरी रॉकेट ब्लोअर, मोठा. लेन्स किटमध्ये ब्रशसकट येणारा चिमुकला नको, त्यात दम नसतो.
- पूर्ण चार्ज केलेली बॅटरी.
- टॉर्च, शक्यतो डोक्याला लावायचा. दोन्ही हात मोकळे राहतात.
- ओली सफाई करायची असेल तर सेन्सरच्या मापाचे सीलबंद स्वॅब: एपीएस-सीला (लहान सेन्सर) १६ मिलिमीटर, फुल फ्रेमला (मोठा सेन्सर) २४ मिलिमीटर. फुल फ्रेमची उंची २४ मिलिमीटरच असते, म्हणून एका झटक्यात सगळं पुसलं जातं. तुमचा सेन्सर कोणता ते मॅन्युअलमध्ये असतं.
- सेन्सरसाठीच बनवलेलं लिक्विड.
- बिल, वॉरंटी कार्ड आणि बॉडीच्या तळाशी छापलेला सिरियल नंबर. सफाईला लागत नाहीत, पण कॅमेरा वॉरंटीत असेल तर आधी हे वाचा. सेन्सरला स्पर्श करताना काही बिघडलं तर तो खर्च तुमच्या माथी. वॉरंटीत असेपर्यंत मी ब्लोअरच्या पुढे जात नाही.

काय आणायचं नाही, ते जास्त महत्त्वाचं. कान साफ करायची कापसाची काडी: धागे सोडते. चष्म्याचं फडकं: त्यात तुमच्या नाकाचं तेल असतं. मेडिकलमधलं स्पिरिट किंवा सॅनिटायझर: पाणी आणि इतर मिसळ असते, वाळल्यावर पांढरट थर राहतो. आणि कॉम्प्युटर साफ करायचा हवेचा डबा तर अजिबात नको. त्यातला गॅस द्रवरूपात बाहेर पडला की सेन्सरवर गोठल्यासारखा शिंतोडा उडतो. तो काढणं धुळीच्या दसपट कटकटीचं.

४. जागा आणि वेळ

आपल्याकडे फेब्रुवारी ते मे हवा कोरडी आणि धुळीची. महामार्गाजवळ राहत असाल तर गॅलरीच्या कठड्यावर बोट फिरवून बघा, कळेल. हिवाळ्यातल्या कोरड्या हवेत स्थिर विद्युतही तयार होते. स्वेटर काढताना चटचट होतं ना, तीच. कण काचेला धरून बसतात.

मी न्हाणीघरात करतो. गंमत नाही, खरंच. सकाळी आंघोळी आटोपल्यावर वाफेमुळे हवेतली धूळ खाली बसलेली असते. फक्त घाई नको: वाफ पूर्ण जाऊ द्या, आरसा कोरडा होऊ द्या, अर्धा तास थांबा, मग कॅमेरा आत न्या. पंखा बंद, एक्झॉस्ट बंद, दार लावलेलं. लोकरीचे कपडे नकोत, बाही वर सारलेली. शेजारच्या खोलीत उदबत्ती लावली असेल तर त्या दिवशी राहू द्या.

निफाडच्या थंडीतून पहाटे फोटो काढून आलात तर कॅमेरा बॅगेतच बंद ठेवून आधी घराच्या तापमानाला येऊ द्या. थंडगार कॅमेरा उबदार खोलीत उघडला की काचेवर दव धरतं. तशात लेन्स काढली तर दव सेन्सरवर.

५. आधी कॅमेऱ्यालाच करू द्या

बहुतेक कॅमेऱ्यांत सेन्सर थरथरवून धूळ झटकायची सोय असते. ऑलिंपसने २००३ च्या ई-१ मध्ये ती पहिल्यांदा आणली, आता जवळपास सगळ्यांत आहे. मेन्यूत 'सेन्सर क्लीनिंग' शोधा. कॅमेरा टेबलावर सपाट, तळ खाली करून ठेवा म्हणजे झटकलेली धूळ खाली पडेल. चार-पाच वेळा चालवा आणि टेस्ट फोटो घ्या. ठिपके कमी झाले तर उत्तम. थेंब असेल तर याने हलणार नाही.

६. ब्लोअर

आधी बॉडी आणि लेन्सचा जोड बाहेरून कोरड्या ब्रशने झटका. ही पायरी सगळे गाळतात आणि बाहेरची धूळ आत पाठवतात.

मग ब्लोअर हवेत आठ-दहा वेळा दाबा. तो बॅगेच्या तळाशी पडलेला असतो, पहिल्या दाबात तिथलाच कचरा बाहेर येतो. तळहातावर हवा मारून बघा.

डीएसएलआर असेल तर आरसा वर करायला मेन्यूच वापरा. निकॉनमध्ये 'लॉक मिरर अप फॉर क्लीनिंग', कॅननमध्ये 'सेन्सर क्लीनिंग'मधलं 'क्लीन मॅन्युअली'. बॅटरी कमी असेल तर हा पर्याय बऱ्याच कॅमेऱ्यांत चालूच होत नाही, आणि ते योग्यच आहे. मध्येच बॅटरी संपली तर आरसा आणि शटर खटकन खाली येतात. कुणी 'बल्ब' मोडवर शटर बोटाने दाबून धरायची युक्ती सांगेल. ऐकू नका. बोट सटकलं की शटर स्वॅबवर.

मिररलेसमध्ये लेन्स काढली की सेन्सर समोरच असतो. काही मॉडेलमध्ये कॅमेरा बंद केल्यावर शटर पुढे येऊन सेन्सर झाकतं. ते झाकण म्हणजे पातळ पाती आहेत, त्यांच्यावर जोराची हवा मारायची नाही. मॅन्युअलमधली साफसफाईची पद्धत वापरा आणि सेन्सर खरंच उघडा दिसतोय ना, बघा. सेन्सर हलवून स्थिरता देणाऱ्या कॅमेऱ्यात तो तरंगता असतो, पुढे स्वॅब फिरवताना हात आणखी हलका हवा.

आता कॅमेरा तोंड खाली करून धरा. ब्लोअरचं टोक लेन्सच्या जोडाच्या आत घालायचं नाही, बाहेरूनच आठ-दहा दणकट दाब द्या. एकदा मित्राचं टोक आत गेलं आणि हात हलला. सेन्सर वाचला, पण आम्ही दोघंही मिनिटभर काही बोललो नाही. तसंच तोंड खाली ठेवून लेन्स लावा आणि टेस्ट फोटो घ्या.

बहुतेक वेळा गोष्ट इथंच संपते. दोन-तीन पुसट ठिपके उरले आणि ते फक्त एफ/२२ ला दिसत असतील, तर सोडून द्या. तुम्ही किती फोटो एफ/२२ वर काढता? कॉम्प्युटरवर ठिपका पुसायचं ब्रश-साधन असतं, एका फोटोवर केलेली दुरुस्ती सगळ्या फोटोंना एकदम लावता येते. माझ्या त्या बदकांच्या थव्यातला बारावा पक्षी असाच काढला.

७. ओली सफाई

थेंब असेल, किंवा हवेने न हललेला मोठा ठिपका मधोमध बसला असेल तरच. मी वर्षातून एकदा, फार तर दोनदा करतो.

स्वॅबचं पाकीट ऐनवेळी फोडा. टोकाला बोट लावू नका. लिक्विडचे दोन थेंब, स्वॅबच्या कडेवर. दोनच. चार टाकले की ओलावा सेन्सरच्या कडेने आत झिरपू शकतो आणि मध्ये वाळलेल्या रेघा राहतात. थेंब टाकून पाच-दहा सेकंद थांबा, म्हणजे ते कापडात पसरतील.

स्वॅब सेन्सरच्या एका टोकाला ठेवा, थोडा कलता. दाब किती? वहीवर बॉलपेनने लिहिताना देता तेवढा. स्वॅबचं टोक किंचित वाकलं पाहिजे. एका सरळ, संथ ओढीत दुसऱ्या टोकापर्यंत न्या, मध्ये थांबू नका, उचलू नका. मग तोच स्वॅब उलटा करून दुसऱ्या बाजूने परतीची ओढ. झालं, स्वॅब कचऱ्यात. "अजून स्वच्छच दिसतोय, एकदा फिरवू" हा मोह सगळ्यांना होतो. त्या स्वॅबवर आत्ताच उचललेला वाळूचा कण असू शकतो, आणि गोदेकाठची वाळू काचेला काय करते ते सांगायला नको.

पहिल्यांदा हात थरथरतो, साहजिक आहे. आदल्या दिवशी मोबाइलच्या बंद स्क्रीनवर एक स्वॅब घालवून सराव करा. तो वाया गेला असं वाटणार नाही.

बऱ्याच क्लीनिंग लिक्विडमध्ये मिथेनॉल असतं. ते विषारी आहे आणि पटकन पेटतं. गॅस, देवघरातला दिवा यांपासून लांब ठेवा, बाटली लहान मुलांच्या हाती लागू देऊ नका.

दोन मिनिटांनी टेस्ट फोटो. ठिपके गेले पण पुसट पट्टे आले, तर लिक्विड जास्त झालं होतं: नव्या स्वॅबवर एकच थेंब घेऊन पुन्हा. ठिपका कोपऱ्यात जाऊन बसला, तर ओढ टोकापर्यंत गेली नाही. तिसऱ्या स्वॅबनंतरही फरक पडला नाही तर थांबा. चौथ्याने होत नाही. मी करून पाहिलंय.

८. घरी करू नका अशा वेळा

गोल ठिपके पुसल्यावर महिन्याभरात त्याच बाजूला परत येत असतील तर ते शटरच्या यंत्रणेतलं तेल असू शकतं. २०१२ मध्ये आलेल्या निकॉन डी६०० बाबत सेन्सरवरच्या ठिपक्यांच्या इतक्या तक्रारी झाल्या की पुढे कंपनीने शटर मोफत बदलून दिलं. अशा वेळी पुसत बसण्यात अर्थ नसतो.

पावसाळ्यात त्र्यंबक-इगतपुरीकडे फिरून कॅमेरा ओलसर बॅगेत महिना-दोन महिने राहिला आणि आत कोळ्याच्या जाळ्यासारखी नक्षी दिसू लागली, तर ती बुरशी. ओरखडा, पाणी, चिकट काहीही: सर्व्हिस सेंटर.

तिथं देताना लेन्स, बॅटरी, कार्ड घरी ठेवा. बॉडीवरचे आधीचे ओरखडे पावतीवर लिहून घ्या, आणि तुमचा टेस्ट फोटो ठिपक्यांवर गोल करून सोबत द्या. परत घेताना आपली लेन्स घेऊन जा आणि काउंटरवरच एफ/१६ ला पांढऱ्या भिंतीचा फोटो काढून बघा. मी पहिल्या वेळी हे न करता बॅग उचलून घरी आलो होतो, म्हणून जुना ठिपका घरी आल्यावर भेटला.

९. आणि रंगपंचमी

नाशिकला राहून हे वेगळं सांगायलाच हवं. जुन्या नाशकातल्या रहाडी (रंगाच्या पाण्याने भरायचे जमिनीतले जुने हौद) उघडतात, लोक धप्पा मारतात, म्हणजे त्यांत उडी घेतात, आणि रंगीत पाणी पहिल्या मजल्यापर्यंत उडतं. असे फोटो वर्षातून एकदाच मिळतात, जरूर काढा. पण त्या दिवशी एकच लेन्स, घरून लावून निघालेली. बॉडीवर प्लास्टिकची पिशवी, लेन्सपुढे फिल्टर. येत्या सिंहस्थात रामकुंडावरच्या गर्दीतही हेच: लेन्स बदलावीच लागली तर कुणाच्या तरी घराचा जिना गाठा, कॅमेरा बंद करा, तोंड खाली, नवी लेन्स आधीच मागचं झाकण सैल करून तयार.

रहाडीवरून घरी आलात की लगेच लेन्स काढू नका. आधी ओल्या फडक्याने बॉडी पुसा, विशेषतः लेन्सच्या जोडाभोवतीची खाच. तिथं वाळलेला रंग पिठासारखा होतो. मग कोरडं फडकं, मग ब्रश, मग ब्लोअर. दुसऱ्या दिवशी सकाळी आंघोळी झाल्या की न्हाणीघर, वही आणि पांढरा कागद. मागच्या वर्षी माझा आकडा नऊ होता, ब्लोअरनंतर दोन. त्यातला एक गुलाबी दिसतो अशी बायकोची खात्री आहे. मी तो तसाच ठेवलाय.